तिसऱ्या डोसाची चिठ्ठी

आयुष्यात मी एकही कुस्ती खेळलेलो नाही, तरी आष्ट्याच्या आसपासच्या गावांत लोक मला पैलवान म्हणतात. कारण जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरलं की फेटा बांधून, माईक धरून मी उभा असतो. दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात ठेवून दहा मिनिटं नुसते फुरफुरत राहिले, तरी एकही माणूस जागचा उठता कामा नये, ही जबाबदारी माझी. हलगी थांबली की मी सुरू होतो आणि मी दमलो की हलगी. एरवी माझं खतांचं दुकान आहे. तिथं गिऱ्हाईक एक पोतं खत आणि दोन पोती गप्पा घेऊन जातं.

माझी एक मिजास होती. मी कागद बघून बोलत नाही. मैदान चालू असताना हातात सारख्या चिठ्ठ्या येतात. कुणाची गाडी आडवी लागलीय, कुणाची म्हातारी गर्दीत चुकलीय, कुठल्या पुढाऱ्यानं इनाम लावलंय. मी चिठ्ठीवर उडती नजर टाकतो, ती खिशात सारतो आणि मग मनानं बोलतो. चुकलेल्या म्हातारीच्या लुगड्याचा रंग चिठ्ठीत नसला तरी माझ्या तोंडून ती हिरव्या लुगड्यातच येते. लोकांना ते आवडायचं, आणि मला तर फारच.

करोनामुळं दोन वर्षं जत्रा बंद होती. ती पुन्हा भरली त्या वर्षाची ही गोष्ट. दुपारी मैदानाच्या कडेला आमच्या आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर मला शोधत आली. गावातली निम्मी शाळकरी पोरं तिनं जन्मताना हातात घेतलेली आहेत आणि सगळ्यांनाच कधी ना कधी सुई टोचलेली आहे. स्कूटीला लसीचा निळा डबा बांधून ती वस्त्यांवर फिरते. त्या दिवशी तिच्या हातात वहीच्या पानाची चिठ्ठी होती.

"पैलवान, मंगळवारी तिसरा डोस ठेवलाय," ती म्हणाली. "चार दिवस घरोघर सांगतेय, तरी लोकांचा घोळ मिटत नाही. तुमचा आवाज सगळीकडं पोचतो. फक्त हे वाचून सांगा. आहे तसं."

"बाई, तुमी निवांत ऱ्हावा," मी म्हणालो.

घोळ होता हे खरं. कुणी म्हणे तिसरा डोस फक्त मिल्ट्रीवाल्यांना. कुणी म्हणे तिसरा घेतला की आधीचे दोन बाद होतात. पहिल्या वेळी एकेका मोबाईलवर अख्ख्या भावकीची नोंद झालेली, त्यामुळं मेसेज आला की तो थोरल्याचा की धाकटीचा, हे कळायचं नाही. आमच्या शेजारी तर वारलेल्या म्हातारीच्या नावानं डोसाच्या आठवणीचा मेसेज येत होता.

सिस्टरची चिठ्ठी मी बघितली. वरचं 'तिसरा डोस' दिसलं, खालचं 'मंगळवार, सकाळी नऊ' दिसलं. मधे चार ओळी होत्या. तेवढ्यात मोठी जोड मैदानात आली आणि चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात गेली.

ती कुस्ती निकाली झाली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अशा वेळी माझ्या तोंडात काय शिरतं देव जाणे. मी म्हणालो, "मंडळी, पयला डोस म्हंजे सलामी. दुसरा डोस म्हंजे खडाखडी, नुसती झोंबाझोंबी. आन् तिसरा डोस म्हंजे निकाल. सलामी देऊन कुणी घरी जातं व्हय? मिसरूड फुटल्यापासनं दात पडल्यापातूर झाडून सगळ्यांनी मंगळवारी सकाळी नऊला उपकेंद्रावर यायचं. फुकट हाय, आन् करोनाला चितपट करूनच घरी जायचं."

हलगीवाल्यानं त्यावर एक तुकडा वाजवला. मैदान हसून लोटपोट झालं. जत्रा उलगताना माणसं एकमेकांना सांगत होती, सलामी झाली, खडाखडी झाली, आता मंगळवारी निकाल. मी ते ऐकत घरी गेलो आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मंगळवारी दुकान उशिरा उघडायचं ठरवून मी उपकेंद्राकडं निघालो. खरं सांगायचं तर माझी गर्दी बघायला निघालो. ती होतीही बघण्यासारखी. ऊसतोडीची कामं टाकून तरणी पोरं आली होती, शिरवळच्या कंपनीत कामाला असलेले दोघं रजा वाढवून थांबले होते, बायका सर्टिफिकेटाचे प्लॅस्टिक लावलेले कागद घेऊन उभ्या होत्या. आणि बाकावर अगदी पहिले, इस्त्रीचा शर्ट घालून, माझे चुलते बसले होते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, पंचाहत्तरीच्या पुढचे. आदल्या वर्षी करोनानं त्यांना सांगलीच्या दवाखान्यात अठरा दिवस झोपवलं होतं. चार पावलं चालले की त्यांना अजून धाप लागायची.

सिस्टर दारात आली. गर्दी बघून तिचा चेहरा उतरला. "साठीच्या पुढचे कोण कोण आहेत?" तिनं विचारलं. "तेवढेच थांबा. त्यातही दुसरा डोस घेऊन नऊ महिने झालेले. साठीच्या आतल्यांना सरकारी केंद्रात अजून नाही, त्यांना खाजगी दवाखान्यात पैसे भरून घ्यावा लागेल."

गर्दीतला एक जण म्हणाला, "आवं सिस्टर, मैदानात तर वेगळंच सांगितलं."

"पुकारा झालाय की, मिसरूड फुटल्यापासनं."

"म्हंजे लस हाय. पर आपल्याला न्हाई."

"फ्रीजमधी दडवली असंल. पुढाऱ्यांच्या घरला पोच करायची असंल."

सिस्टर सांगत राहिली. एका बाटलीत दहा डोस असतात, ती फोडली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर उरलेले वाया. साठीच्या पुढचे दहा बसू द्या, मी आत्ता बाटली फोडते. पण आता तिचं कोण ऐकणार? पोरं दारात आडवी झाली. द्यायची तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. एका बाईनं तिला तोंडावर चोर म्हटलं. त्याच बाईचं बाळंतपण सिस्टरनं भर पुरात केलं होतं, हे मला ठाऊक होतं.

मी कडुनिंबाखाली उभा होतो. सिस्टरनं गर्दीवरून माझ्याकडं बघितलं. तिथं उभं राहून मला गुपचूप खिशातली चिठ्ठी काढावी लागली. सदरा जत्रेतलाच होता. मधल्या चार ओळी मी आता वाचल्या. साठ वर्षांवरील. नऊ महिने. आधार कार्ड. बाकीच्यांनी येऊ नये, फुकट फेरा पडेल. अक्षर इतकं स्वच्छ होतं की आंधळ्यानंही वाचावं.

आणि कुणीतरी मलाच विचारलं, "पैलवान, तुमाला सिस्टरनी काय सांगितलं हुतं?"

माझ्या आवाजावर दोन हजार माणसं तीन तास उन्हात बसून राहतात. त्या दिवशी तो आवाज निघाला तो असा: "मला जे सांगितलं, ते मी बोललो."

बस, एवढंच. चिठ्ठी मी पुन्हा खिशात घातली. गर्दीला जे हवं होतं ते मिळालं. तात्या भिंतीला धरून उठले आणि धापा टाकत घरी गेले. त्यांच्या मागोमाग बाकीचे म्हातारेही गेले. बाटली फुटलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. बुधवारी उपकेंद्रात तान्ह्या बाळांना लस देतात. एरवी वीस-बावीस बाया पोरं घेऊन येतात, त्या दिवशी दोन आल्या. हे मला बायकोनं सांगितलं. ती धुणं धूत होती आणि तिच्या हातात ती चिठ्ठी होती.

"आवं, साठ म्हंजे मिसरूड फुटायचं वय का?" ती म्हणाली.

मी चपला काढत राहिलो.

"बाया म्हणत्यात, जी आपल्या वाटची लस दडवती ती लेकराला काय टोचंल कुणाला ठाव. आष्ट्याला नेऊया." तिनं चिठ्ठी दगडावर वाळत ठेवली, वर दुसरा दगड ठेवला. "तुमी जेवा. तुमाला काय."

मला पश्चात्ताप झाला, आणि पश्चात्तापातही मी माझाच राहिलो. त्या रविवारी गावात लग्न होतं, माईक माझ्याकडं, सगळं गाव मांडवात, आणि सिस्टर बायकांच्या रांगेत कडेला बसलेली. अक्षता पडल्यावर मी सूर लावला. "मंडळी, मंगळवारच्या कुस्तीचा फेरनिकाल जाहीर करतो. सिस्टरनी चिठ्ठी बरोबर दिली हुती. वाचली न्हाई ती ह्या पैलवानानं. पाठ माझी लागली, मी चितपट." आणि दोन्ही हात पसरून मी मांडवात खरोखर गुडघ्यावर बसलो.

हशा झाला. टाळ्या पडल्या. नवरदेवसुद्धा हसला. पंगतीत माणसं येऊन माझ्या पाठीवर थाप मारत होती. "गड्या, लय मोठं मन तुजं. बाईची अब्रू झाकायला सगळं सोताच्या अंगावर घेतलंस."

मी म्हणालो, "आरं, खरंच माजी चूक हुती."

"व्हय व्हय," थाप मारणारा एक जण डोळा मारून म्हणाला आणि जिलेबी वाढणाऱ्याला हाक मारून माझ्या ताटात चार जास्त टाकायला लावली. मी वर मान केली तेव्हा सिस्टरची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्रात गेलो. ती रजिस्टर लिहीत होती. बसा म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही.

"मी सगळ्यांसमोर कबूल केलं की," मी म्हणालो.

"केलंत. छान झालं. माझ्या शेजारच्या बाईंच्या तर डोळ्यांतनं हसून पाणी आलं." तिनं पान उलटलं. "दादा, तेवीस वर्षं मी या गावात लोकांच्या दारात जाते. दार उघडतं म्हणून काम होतं. ते तुम्ही बंद केलंत, आणि आता तुमची वाहवा चाललीय."

मी वाळलेली चिठ्ठी खिशातनं काढून तिच्यापुढं धरली.

"मला दहा माणसं पाहिजेत," ती म्हणाली. "साठीच्या पुढची, नऊ महिने झालेली. शुक्रवारी. माईक नको. दारात जायचं, चिठ्ठी वाचायची, मंगळवारी खिशात हीच होती म्हणून सांगायचं. आणि हसवायचं नाही."

हसवायचं नाही हे किती अवघड आहे ते मला पहिल्याच दारात कळलं. म्हातारी म्हणाली, "ये पैलवान, एखादी कुस्ती होऊ दे." मी चष्मा लावून चिठ्ठी वाचू लागलो, तर तिला वाटलं आमच्या घरात कुणी वारलं. साध्या आवाजात मी बोलतो हे कुणाला माहीतच नव्हतं. दोन दिवस फिरलो. एक म्हणाला, तू माईकवर सांग, मग येतो. एकानं तोंडावर दार लावलं, आणि मला त्याचं बरंच वाटलं. नऊ माणसं झाली.

तात्यांचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

ते पडवीत खुर्चीवर होते. "वाच," ते म्हणाले. मी वाचलं. "परत वाच." मी परत वाचलं.

"हीच हुती का त्या दिवशी?"

"व्हय तात्या."

"बाईला लोक चोर म्हणत हुते, तवा कुठं हुतास?"

"लिंबाखाली."

"आन् चिठ्ठी?"

"खिशात."

तात्यांनी बराच वेळ दम घेतला. "मी माघारी आलो ते बाईवर चिडून आलो हुतो," ते म्हणाले. "मरायला टेकलेल्या मानसाला ती डोस देत न्हाई म्हणून. चार जणांत बोललो बी तसं." त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला. "चल. आधी त्या चौघांकडं जाऊ. मागनं ये, पुढं चालू नगंस."

चौघांची घरं लांब होती. प्रत्येक दारात ते आधी धाप जिरवायचे आणि मग म्हणायचे, "मी त्या दिवशी बाईबद्दल वंगाळ बोललो. ते खोटं हुतं. ह्यानं चिठ्ठी वाचली न्हाई." माझ्याकडं बोट करायचे. कुणी हसलं नाही. मला अंगणातल्या मातीशिवाय काही दिसत नव्हतं.

शुक्रवारी दहा जण बाकावर बसले आणि बाटली फुटली. सुईनंतर अर्धा तास बसून राहायचं असतं. म्हातारे कंटाळले. एक म्हणाला, "पैलवान, गप का? हू दे की कायतरी." माझ्या जिभेवर तीन-चार गोष्टी आल्या होत्या, त्यातली एक तर फारच चांगली होती. मी सिस्टरकडं बघितलं. ती मान खाली घालून लिहीत होती. मी म्हणालो, "ताप आला तर गोळी घ्या. पाणी भरपूर प्या."

"आवाज बसलाय ह्याचा," तात्या म्हणाले.

पुढच्या बुधवारी बाळं घेऊन नऊ बाया आल्या. महिन्याभरात बहुतेक सगळ्या परतल्या, आणि पावसाळ्यात साठीच्या आतल्यांनाही तिसरा डोस उपकेंद्रातच फुकट मिळू लागला. तोवर सलामी आणि खडाखडी लोक विसरले होते. सिस्टर माझ्याशी कामापुरतं बोलते. मैदानात आता तिची चिठ्ठी आली की मी चष्मा लावून, शब्द न् शब्द वाचतो. तेवढा वेळ लोक भेळ खायला उठतात.

पण दोघी-तिघी बाया अजून आपली लेकरं आष्ट्यालाच नेतात. त्यांच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. खरं काय ते सांगितलं. "तुमी लय चांगलं हाय, दादा, अजून बाईला झाकताय," त्या म्हणतात, आणि चहा ठेवतात. वाट माझ्या दुकानावरूनच जाते. एसटीची वेळ झाली की कडेवर पोर घेऊन त्या समोरून जातात. मला बघितलं की डोक्यावरचा पदर सारखा करतात आणि अदबीनं मान लववतात.