पट्टीकाका

पट्टीकाकांच्या उजव्या हाताला मधली दोन बोटं नव्हती आणि नेमका तोच हात ते मुलांच्या डोक्यावर ठेवत. मूल आधी दचकायचं, मग तळव्याचा भार जाणवला की गप्प उभं राहायचं. केस फुगवून बांधलेले असले तर काका ते हलकेच दाबत. टाचा उचललेल्या असल्या तर नुसते खाली बघत आणि टाचा आपोआप टेकत. मग तळवा आडवा मागच्या फळीकडे सरकवत. फळीवर एक जिराफ रंगवलेला होता आणि त्याच्या मानेवर लाल रेघ होती. तळवा रेघेच्या वर गेला तर ‘जा’, खाली राहिला तर ‘पुढच्या वर्षी ये’. याखेरीज गेटवर ते फारसं बोलत नसत. मुलांची उंची मोजायचे, म्हणून सगळे त्यांना पट्टीकाका म्हणत.

मी त्या पार्कमध्ये प्रथमोपचाराच्या खोलीत नर्स होते. खांदेश्वरहून यायचे. नवी मुंबईतली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत, वाढदिवसाला नाहीतर शाळेच्या सहलीला जिथे जातात, त्यातलंच हे एक पार्क. माझ्या खोलीच्या दारातून समोर ‘भोवरा’ दिसायचा. मधल्या खांबाभोवती खुर्च्या फिरत फिरत वर जायच्या, तिरक्या व्हायच्या आणि झटक्यात खाली यायच्या. मुलांना सगळ्यात जास्त हाच पाळणा हवा असायचा आणि त्याच्याच गेटवर काका उभे असायचे.

ते मूळचे साताऱ्याकडचे, राहायला तुर्भ्याला. आधी रबाळ्याच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होते. काम भराभर उरकावं म्हणून तिथे मशीनची जाळी काढून ठेवलेली असे. बोटं तिथेच गेली. पुढे कारखानाही बंद पडला. काकांनी या गोष्टीचं कधी रडगाणं गायलं नाही. एकदा एवढंच म्हणाले, “मशीनला काय कळतंय सिस्टर? पत्रा आला काय नि हात आला काय, त्ये आपलं काम करून मोकळं.”

अगदी लहान मुलं भोवऱ्यासाठी हट्ट करत नसत. त्यांना त्याची भीतीच वाटे. खरा त्रास रेघेला टेकू टेकू आलेल्या मुलांचा. ती मागच्या वर्षी परत गेलेली असत. वर्षभर घरातल्या दाराच्या चौकटीला पाठ लावून आपली उंची बघत आलेली असत. त्यांच्या आईबापांनी बुटात मोजे कोंबलेले असत, मुलींचे अंबाडे डोक्याच्या मधोमध बांधलेले असत. काका बूट काढायला सांगत तेव्हाच भांडण सुरू होई. “अहो, एका बोटाचा तर फरक आहे,” असं कुणी म्हटलं की ते आपला उजवा हात वर धरून म्हणत, “बोटाचं मला सांगू नका.” यावर हसावं की ओशाळावं, समोरच्याला कळत नसे. काही जण तरीही भांडतच राहत.

मुलांशी मात्र ते भांडत नसत. दुरुस्तीच्या शेडमधून त्यांनी भोवऱ्याची एक जुनी खुर्ची मागून आणली होती आणि गेटच्या बाजूला ठेवली होती. रडणाऱ्या मुलाला ते तिच्यात बसवत, मांडीवरचा लोखंडी बार खाली ओढत आणि सांगत, “आता खाली सरक बघू.” मूल सरकायचं, आणि बारखालून सुळकन जमिनीवर यायचं. दोनदा-तीनदा करून बघायचं. मग बहुतेक मुलं स्वतःच उठून बूट घालत. एका मुलीने तर आपल्या बाबांना हात धरून खुर्चीपाशी आणलं होतं आणि ‘तुम्ही बघा ना, मी पडते’ असं त्यांनाच समजावलं होतं.

वर्षातून एक दिवस आमच्या घरच्यांना पार्क फुकट असे. त्या दिवशी काकांचा मुलगा, सून आणि नात तनू आली. भोवरा आपल्या आबांचाच आहे, असं तनूने अख्ख्या चाळीत सांगून ठेवलं होतं. ती धावत येऊन फळीला टेकून उभी राहिली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सरकवला, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “पुढच्या वर्षी ये.” तनू त्यांच्याकडे बघतच राहिली. आबांनी आपल्याला ओळखलं नाही की काय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. सून म्हणाली की आज आपलाच दिवस आहे, एक फेरी जाऊ दे. काकांनी मागच्या मुलाला पुढे बोलावलं. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत पाणी प्यायला आले तेव्हा सांगत होते, “बोलली न्हाई माझ्याशी. एवढीशी खोली आमची, पन लई मोठी वाटाय लागली.”

मग एका वडिलांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्यात त्यांचा मुलगा रडतोय आणि काका तुटक्या हाताने त्याला बाजूला सारताहेत असं दिसत होतं. तो पुष्कळ फिरला. लोकांनी खाली काकांबद्दल, त्यांच्या हाताबद्दल नको ते लिहिलं. त्याच सुमाराला नवे मॅनेजर आले होते. सकाळच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले की बॉर्डरवरच्या मुलांना यापुढे अडवायचं नाही, थोडं इकडेतिकडे चालतं, मशीन बनवणाऱ्यांनी तेवढी सवलत धरलेलीच असते, उगाच टेन्शन घेऊ नका. काका म्हणाले, “तेवढं लिहून द्या साहेब.” साहेब हसले आणि दुसऱ्या विषयाकडे वळले.

त्या दिवशी दुपारी गेटजवळची जुनी खुर्ची उचलून नेली. काही दिवसांनी काकांनाही पार्किंगला पाठवलं. उन्हात शिट्टी वाजवत गाड्या मागेपुढे घ्यायचं काम. काकांनी साहेबांचं ऐकलं नाही म्हणून त्यांना तिथे टाकलं, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो आणि आम्हाला त्यांचा अभिमानही वाटत होता. भोवऱ्याच्या गेटवर रेश्मा आली. ती जवळच्याच गावातली, आगऱ्यांची मुलगी. नुकतीच कामाला लागलेली, कामात चलाख आणि सगळ्यांशी हसून बोलणारी. गेटवरची भांडणं थांबली. रांग भराभर पुढे सरकू लागली.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी खोलीत एका मुलाच्या गुडघ्याला पट्टी बांधत होते. भोवऱ्याकडून आरडाओरडा आला. तो नेहमीच येतो, म्हणून मी मान वर केली नाही. मग आवाज बदलला. मी धावले. भोवरा अजून थांबत होता. खालच्या लोखंडी चौथऱ्यावर एक मुलगा पडला होता. पिवळा टी-शर्ट, सात-आठ वर्षांचा. तो बारखालून निसटला होता. त्याची आई कठड्याच्या पलीकडून आत येण्याचा प्रयत्न करत होती आणि तिला दार सापडत नव्हतं.

लोक त्याला उचलायला धावले. मी उचलू नका म्हणत होते, पण माझं कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात पार्किंगकडून काका आले. त्यांनी सगळ्यांना हटवलं, मुलाच्या डोक्याशी मांडी घातली आणि मी सांगितलं तसे दोन्ही हातांनी त्याचं डोकं स्थिर धरून बसले. अँब्युलन्स येईपर्यंत ते हलले नाहीत. मुलगा त्यांच्याकडे बघत होता. “हितंच हाय मी, कुटं जात न्हाई,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. संध्याकाळी हॉस्पिटलमधून निरोप आला की तो गेला.

त्याचं नाव ईशान. पार्क बंद झालं, पोलीस आले आणि रेश्माला घेऊन गेले. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. नियमाची फळी गेटवर होती, मोजणं तिचं काम होतं, तिने मोजलं नाही. मी तिला कोठडीत भेटायला गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. “मी मोजला होता त्याला,” ती म्हणाली. “जरासा कमीच होता. सायब बोलले तसा मी केला. आता मना कोन इचारतंय?”

साहेबांनी काकांना बोलावून घेतलं. खोटं बोला असं ते म्हणाले नाहीत. काका किती कडक होते हे सगळ्यांना माहीतच आहे, तेवढंच पोलिसांना सांगा, असं म्हणाले. म्हणजे नियम पाळला जात होता आणि चूक एकट्या मुलीची होती, हे आपोआप ठरणार होतं. पार्क पुन्हा सुरू झालं की गेट तुमचंच, असंही सांगितलं. काका माझ्या घरी आले. “उद्या पोलीस ठाण्यात जायचंय. तुमी व्हता त्या मीटिंगला. मी कुटं अडखळलो तर सांगा,” म्हणाले.

पोलीस अधिकारी भला माणूस होता. त्याने काकांना बसायला खुर्ची दिली. काकांनी मीटिंगमधलं सगळं सांगितलं, मी दुजोरा दिला. मग काका थांबले. मला वाटलं, झालं. पण ते म्हणाले, “अजून हाय. साहेबांनी सांगितल्यावर काही दिवस मीबी सोडली पोरं. रेघेखालची. कळत व्हतं, तरी सोडली.”

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. हे लिहिलं तर तुमचंही नाव येईल, तुम्हाला कुणी हे विचारलेलं नाही, असं त्याने समजावलं.

“लिवा,” काका म्हणाले. “मी सोडलेली पोरं घरी गेली. हिनं सोडलेलं न्हाई गेलं. तिच्यात नि माझ्यात एवढाच फरक हाय.”

बाहेर आल्यावर आम्ही रस्त्याकडेला चहा घेतला.  त्यांनीच सांगितलं. त्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं तनूने शाळेत कुणाच्या तरी मोबाइलवर वाचलं होतं आणि घरी येऊन आबांचा हात बघत बसली होती. त्यात साहेबांची बोलणी. या वयात दुसरं काम कोण देणार, ही काळजी. “म्हटलं, जाऊ दे, सगळी दुनिया म्हंतीया चालतंय, तर चालत असंल. मग एक पोरगी वर गेली आन् फेरी संपेस्तवर माझा श्वास वर आला न्हाई. खाली उतरून हसत गेली ती. म्या साहेबाला सांगितलं, मला जमत न्हाई, दुसरं काम द्या.” म्हणजे पार्किंगचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. “थितनं निघालो, सिस्टर. पन गेट उघडंच ठिवून निघालो.”

रेश्माला जामीन मिळाला. खटल्यात साहेबांचं नाव आलं, तिचं आलं आणि काकांचंही आलं. काकांची नोकरी तर गेलीच, पण मुलगाही त्यांच्यावर चिडला. नसतं लचांड ओढवून घेतलं म्हणाला. काका गावी निघून गेले. पार्क काही महिन्यांनी वेगळ्या नावाने, वेगळ्या रंगात सुरू झालं. मी तिथे परत गेले नाही.

कोर्टाच्या तारखेला मात्र काका साताऱ्याहून येत. रेश्मा आणि मी भिंतीकडच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसायचो. समोरच्या बाकावर ईशानचे आईवडील. ते आमच्याकडे बघत नसत. आम्हालाही तिकडे बघायचा धीर नसे. बहुतेक वेळा पुढची तारीख मिळायची आणि सगळे उठायचे.

एका तारखेला ईशानचे वडील वकिलांशी बोलायला बाहेर गेले होते. त्याची आई उठली आणि काकांच्या समोर येऊन उभी राहिली. शांत आवाजात तिने विचारलं, “त्या दिवशी गेटवर तुम्ही असतात तर त्याला सोडलं असतं का?”

मला वाटलं, काकांनी नाही म्हणावं. निदान गप्प राहावं. काका उभे राहिले. “ताई, पयलं असतं तर सोडलं नसतं. पन साहेबांनी सांगितल्यानंतरचे ते दिस असते, तर सोडलं असतं.”

तिने काकांच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, “आदल्या दिवशी मीच त्याला सांगितलं होतं, ताठ उभा राहा. आरशासमोर उभं करून सराव घेतला होता त्याचा.”

“लेकराला ताठ उभं राहा म्हनलं,” काका म्हणाले, “त्यात आईची काय चूक?”

ती परत आपल्या बाकावर जाऊन बसली. पुढे त्यांच्यात कधी बोलणं झालं नाही.

गेल्या पावसाळ्यात काका गावीच वारले. छातीत दुखलं आणि गाडी मिळेपर्यंत संपलं. तनूने रेश्माला फोन करून कळवलं. खटला अजून चालूच आहे. परवाच्या तारखेला शिपायाने सवयीने काकांच्या नावाचा पुकारा केला. त्यांचं खरं नाव मी तिथेच ऐकत आले आहे. कुणी ओ दिली नाही. त्याने पुन्हा पुकारलं. रेश्मा उठून उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली. शेवटी मीच म्हणाले, “ते वारले.”

समोरच्या बाकावर ईशानच्या आईने मान वर केली. नवऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलली. मग पर्स उचलून उठली, इकडे आली आणि आमच्या बाकावर, काका बसायचे तेवढी जागा मोकळी ठेवून, बसली.