आईच्या हातातली तार

जुन्या ट्रंकेत तांब्याच्या तारेचं वेटोळं सापडलं आणि नव्वद सालचा पावसाळा आठवला. दादा कुवेतला नोकरीला होता. तिथं लढाई पेटली आणि त्याचे फोन बंद झाले. पंचवटीतल्या आमच्या घरात रेडिओवर नुसती खरखर यायची, म्हणून वहिनीनं तारेचं एक टोक एरियलला गुंडाळलं आणि दुसरं खिडकीच्या गजांबाहेर सोडलं. तरी आवाज बुडतच होता. आईनं तार सरळ करायला हातात धरली, तसा निवेदक एकदम स्पष्ट बोलू लागला. "सोडू नका, आई!" वहिनी ओरडली. बातम्या इंग्रजीत होत्या. वाळवंटातल्या छावण्यांत हजारो भारतीय अडकलेत, पाणी पुरत नाही. "काय म्हणतोय गं?" आईनं विचारलं. वहिनी माझ्याकडे बघत म्हणाली, "सगळे सुखरूप आहेत." मीही मान डोलावली. "मग त्याचं नाव सांगेपर्यंत मी अशीच उभी राहते," आई म्हणाली. बातम्या संपून संगीत लागलं, तरी तिनं तार सोडली नाही. पुढे महिन्याभरानं दादा घरी आला, ओळखू येऊ नये इतका वाळलेला. आता माझा मुलगा परदेशात असतो. फोनवर तो "मी मजेत आहे" म्हणाला, की मी त्याचा आवाज नीट ऐकत राहते.