पूर्ण बाह्यांचा फ्रॉक

१९७२ साल, कोजागिरीनंतरचा तिसरा दिवस. नागपूरच्या एका सरकारी इस्पितळातली मुलांची ओपीडी. केसपेपरचे पंचवीस पैसे मी खिडकीवर भरले होते. टेबलापाशी आम्ही चौघे होतो: डॉक्टरीणबाई, मी, माझी पत्नी आणि आमची नऊ वर्षांची शालू.

शालूचा चेहरा सकाळी इतका सुजलेला होता की डोळे नीट उघडत नव्हते. आदल्या दिवशी तिने आईला सांगितलं होतं, "आई, मले चहासारखी लघवी होऊन राहिली." डॉक्टरीणबाईंनी तिच्या नडगीवर बोट दाबलं, तिथे खळगा पडला. मग त्यांनी फ्रॉकच्या बाहीला हात लावला. शालूने हात मागे घेतला आणि आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं.

"बाही वर करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मनगटापासून कोपरापर्यंत पिवळ्या खपल्यांचे फोड होते. बोटांच्या बेचक्यांत पू होता आणि त्यावर आम्ही लावलेली टाल्कम पावडर.

"किती दिवस झाले याला?"

"पाचसहा दिवस," मी म्हणालो.

"महिना झाला, बाई," पत्नी म्हणाली.

विम्याच्या कचेरीत मी हिशेब तपासतो. लोकांनी खोटे आकडे दिले की मला राग येतो. त्या टेबलापाशी मी कोणाकडेच पाहू शकलो नाही.

आजाराचं नाव नेफ्रायटिस, म्हणजे मूत्रपिंडाला आलेली सूज. डॉक्टरीणबाईंनी तो आम्हाला असा समजावला: "मुळात ही खरूज आहे, स्कॅबीज. तो किडा कातडीतच राहतो. पण खाजवून कातडी फुटते आणि तिथे स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू शिरतात. पू होतो तो त्यांच्यामुळे. शरीर त्या जंतूंशी झुंजतं आणि त्या झुंजीत मूत्रपिंडं सुजतात. फोड सुकायला लागले तरी हे होऊ शकतं. खरजेवर वेळेवर औषध लावलं असतं तर बहुधा इथवर आलं नसतं."

आम्ही औषध लावलं नव्हतं, आम्ही बाह्या लावल्या होत्या.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या गल्लीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरतात. हात धरून फेर धरतात. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा वाजवून खिरापत ओळखायला लावते. शालूच्या हातावर पुरळ आलं ते नेमकं याच दिवसांत. आमच्या घरात खरूज, हे कोणाला दिसू नये म्हणून मी पत्नीला पूर्ण बाह्यांचा फ्रॉक शिवायला सांगितला. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो घालून मुलगी महिनाभर गात फिरली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. शेजारच्या गोपिकाबाईंचे यजमान गिरणीत कामाला. त्यांची कुंदा शालूची जोडीदारीण. भुलाबाई आमच्या घरी आली त्या संध्याकाळी कुंदा हात खाजवताना मला दिसली. मी सगळ्या मुलींदेखत तिला सतरंजीवरून उठवलं आणि म्हणालो, "आईला सांग, आधी नखं काप म्हणावं." ती दाराशी उभी राहून गायली. खिरापत न घेता गेली.

शालूला वॉर्डात ठेवलं. पेनिसिलिनची इंजेक्शनं, बिनमिठाचं जेवण, मोजून पाणी. लघवी काचेच्या मापात धरायची आणि आकडा नर्सबाईंना सांगायचा. ते काम मी मागून घेतलं. तिसऱ्या दिवशी लघवी मापाच्या तळालाच राहिली. रक्तदाब चढला, शालूचं डोकं दुखायला लागलं. "झटका येऊ शकतो, लक्ष ठेवा," असं सांगून डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं. मी खाटेपाशी बसून तिचे हात धरले. त्या महिन्यात मी ते पहिल्यांदाच धरत होतो. आधी हात लावायचं टाळलं होतं.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवराबायकोला तपासलं. माझ्या कमरेपाशी त्या थांबल्या.

"घरात आधी खाज कोणाला सुटली?"

उत्तर मला ठाऊक होतं. मेच्या शेवटी पारशिवनीला एका लग्नात मी भाड्याच्या गाद्यांवर झोपलो होतो. पावसाळाभर कंबर आणि मांड्या खाजत होत्या. घामोळं म्हणून मी बायकोपासूनही लपवलं होतं. शालू तेव्हा रोज माझ्याजवळ झोपायची.

"मला," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. "घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी बेंझिल बेंझोएट लावायचं. हे खरजेचं पांढरं औषध. मानेपासून तळपायापर्यंत. कपडे उकळायचे, अंथरुणं उन्हात टाकायची. आणि ही ज्या मुलींबरोबर खेळली, त्यांच्या घरी सांगा. आजच."

पत्नी म्हणाली, "तुम्ही बसा अहो, मी जातो सांगाले."

"नाही, मी जातो."

भुलाबाई ज्या घरांतून गेली होती त्याच घरांतून मी फिरलो. कोणी ऐकून दार लोटलं, कोणी शालूची चौकशी केली. गोपिकाबाईंचं घर मी शेवटी ठेवलं होतं.

त्या अंगणात गोवऱ्या रचत होत्या. "काहून आले भाऊ? आमची नखं तपासाले?"

मी म्हणालो, "खरूज आमच्या घरची आहे. शालूला माझ्याकडून झाली, कुंदाला शालूकडून."

त्यांनी हातातली गोवरी खाली ठेवली. "आन् माह्या पोरीले सतरंजीवरून उठवलं तुम्ही. ते पोरगं दोन दिवस जेवलं नाही. म्हणे आई, मी घाण आहो का वं?"

मग मी शालूचं सांगितलं. चेहरा सुजला, लघवी चहासारखी झाली. गोपिकाबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी कुंदाला हाक मारली. पोर बाहेर आली, पापण्या जड.

"मले वाटलं, गाण्यापायी जागली म्हणून डोये सुजले असतील."

आम्ही रिक्षाने इस्पितळात गेलो. कुंदाच्या लघवीत अल्ब्युमिन निघालं. हे प्रथिन निरोगी माणसाच्या लघवीत एवढं उतरत नाही. "लवकर आणलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शालूच्या शेजारची खाट तिला मिळाली.

पाचव्या दिवशी शालूचं माप अर्ध्यापर्यंत भरलं. तो आकडा मी नर्सबाईंना दोनदा सांगितला. कुंदा तिच्याआधी घरी गेली, शालू दिवाळीनंतर. लघवीची तपासणी पुढे कित्येक महिने करावी लागली, पण दोघींची मूत्रपिंडं सावरली.

ज्यांच्या घरी मुलं रात्री खाजवतात त्यांच्यासाठी हे लिहिलं. खरूज कोणालाही होते, स्वच्छ घरालाही होते. ती झाकू नका. फोडात पू दिसला तर दवाखान्यात न्या. पुढे चेहरा सुजला किंवा लघवीचा रंग बदलला तर त्याच दिवशी न्या. आणि औषध घरातल्या एकानेच लावून भागत नाही.

कुंदाच्या औषधांचे आणि रिक्षाचे पैसे मी गोपिकाबाईंना देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. "पैसे राहू द्या भाऊ. पुढल्या वर्षी भुलाबाई आली का पोरीले बसू द्या, बस."

पुढच्या वर्षी भुलाबाई आमच्या घरी आली तेव्हा तीच सतरंजी मी स्वतः अंथरली. शालूच्या फ्रॉकला अर्ध्या बाह्या होत्या, हातांवरचे डाग दिसत होते. कुंदा दाराशीच थांबली. मी तिला हाताला धरून मधोमध बसवलं. गाणी झाल्यावर पत्नीने डबा वाजवला. मुली ओरडल्या, शेंगदाणे, खोबरं, लाडू. कुंदाने ओळखलं: साखरफुटाणे. पहिली मूठ मी तिच्या हातावर ठेवली.

माझ्याकडून देणं झालं ते एवढंच, आणि तिने ते घेतलं.