मुद्देमालानं मुद्देमाल खाल्ला

नोकरीत मी खुनांचे तपास केले, दरोडेखोर धरले. पण आजही आठवली की आधी हसू येतं आणि मागोमाग लाज वाटते, ती घटना आहे एका कोंबडीची आणि मूठभर धानाची. नावं कुणाचीच सांगणार नाही. स्वतःची फजिती सांगतोय, तेवढी पुरे.

महायुद्धाचे दिवस होते. धरपकड चालू होती आणि वरून सारखे हुकूम येत, विद्यार्थ्यांवर नजर ठेवा. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि मी तिथं नवा ठाणेदार. मूळचा वऱ्हाडातला, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. एका सकाळी हजेरी चालू असताना पोस्टमास्तर घामाघूम होऊन ठाण्यात आले. तेही वऱ्हाडचेच. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे खरं, पण पोस्टकार्ड कोण वाचत नाही? त्यांनी एक कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. नागपूरच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्यानं वसतिगृहातल्या सोबत्याला लिहिलं होतं:

'दुबराज मुर्रीत हाती लागला. काळी कमोद पाटलांनी लपवून ठेवली होती, त्यांच्या म्हातारीला गाठून बाहेर काढली. लुचई गेली. आता दरेकश्याच्या बिननावाच्याला घेऊन शुक्रवारच्या गाडीनं गोंदियाला येतो, तिथून नागपूरला. वसतिगृहामागची जमीन खणून ठेव. सुपरिंटेंडेंटला पत्ता लागू देऊ नकोस.'

कार्ड मी तीनदा वाचलं. एक फरारी, एक डांबून ठेवलेली बाई, एक मेलेली, आणि वसतिगृहामागं खड्डा! अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांपुढं बढतीही दिसली.

माझा हवालदार अर्जुनी मोरगावकडचा, ठाण्यात केस पिकलेला माणूस. तो म्हणाला, "का लिवलं हाय सायेब? मले बी वाचून दाखवा ना."

"गुप्त आहे," मी म्हणालो. इथंच माझी पहिली चूक झाली.

शुक्रवारी स्टेशनवर सापळा लावला. गाडीतून एक किडकिडीत, चष्मेवाला विद्यार्थी उतरला. छातीशी पिशवी अशी धरलेली की जणू तान्हं मूल. त्याला ठाण्यात आणलं, पंच बोलावले, पिशवी उघडली. आत कापडाच्या छोट्या पुड्या, प्रत्येकीत थोडं धान, वर शाईनं लिहिलेलं: दुबराज, मुर्री. काळी कमोद, अमुक गाव. शेवटच्या पुडीवर फक्त 'दरेकसा'. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठे! प्रत्येक माणसाच्या नावाची खूण म्हणून धानाच्या पुड्या. ज्वारीच्या जातींची दहा नावं मला तोंडपाठ होती. पण तांदळालाही नाव असतं हे काही डोक्यात शिरलं नाही. आमच्याकडं तांदूळ म्हणजे तांदूळ, लग्नात खायचा.

हवालदार खाकरला. "सायेब, हे त..."

"मध्ये बोलू नका!" मी खेकसलो. तो मिशीत हसला. पुड्यांना मोहोर लावून मी त्या मालखान्यात टाकल्या आणि जबानी घ्यायला बसलो.

"दुबराज कुठला?"

"मूळचा छत्तीसगडाकडचा म्हणतात. पण आता मुर्रीत चांगला रुजलाय."

"कोणाच्या आसऱ्यानं?"

"आसरा कसला? सगळेच ठेवतात साहेब. ज्याला परवडेल तो."

मी लिहून घेतलं: संपूर्ण गाव सामील. "लुचई कशानं गेली?"

त्याचा चेहरा पडला. "पाणी मिळालं नाही. त्यात कीड लागली. जे उरलं ते पाटलांनी जाळून टाकलं."

माझ्या हातातला टाक थांबला. "तुझ्या डोळ्यांदेखत?"

"मी पोचेपर्यंत राख झाली होती. फार वाईट वाटलं साहेब. माझ्या प्रबंधात एक पान तिच्यासाठी ठेवलं होतं."

खून करून वर प्रबंध लिहितो! मी टेबलावर मूठ आपटली. "आणि हा बिननावाचा कोण?"

इथं मात्र तो अडून बसला. "ते नाही सांगणार. दरेकश्याच्या म्हातारीला शब्द दिलाय. तिथल्या जमीनदाराला, मालगुजाराला कळलं तर तो सगळंच मागून घेईल. मला मारा, पण ती पुडी सांभाळा. मृग आठवड्यावर आलाय. ती वेळेत पेरली नाही तर माझी एम.एस्सी. बुडाली."

आरोपी रडत होता तो पुडीसाठी. एवढी नोकरी झाली, असा आरोपी मी पाहिला नव्हता.

मी कॉलेजाला चौकशीची तार केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं उत्तराऐवजी अख्खं वसतिगृहच आलं. अकरा जण! ठाण्याच्या ओसरीवर पथारी पसरून बसले. त्यातला एक कायद्याचा विद्यार्थी पुढं होऊन माझ्यावर कलमं झाडू लागला. ऐकतो तर सगळी करारनाम्याची. फौजदारी म्हणे पुढच्या वर्षाला होती. एक संस्कृतवाला मला न्यायाचे श्लोक ऐकवत होता. गणितवाला प्रत्येक शिपायाला विचारत होता की कोठडी किती फूट बाय किती फूट, आणि त्यात माणसामागं हवा किती. रसायनशास्त्रवाला तेवढा कामाचं बोलला. त्यानं विचारलं, "साहेब, जेवायला काय आहे?"

जेवणाची वेळ झालीच होती. माझं बिऱ्हाड अजून आलं नव्हतं, म्हणून हवालदाराच्या घरून मला रोज डबा येई. मी डबा उघडला. गरम भात, वर वरण. पहिला घास तोंडात घातला. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "अरे, दुबराजचा वास!"

मी ताडकन उठलो. "कुठंय? धरा त्याला!"

हवालदारानं माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं. "बसा जी. तुमच्या तोंडात हाय तो. तीन महिन्यांपासून रोज दुपारी तुमी दुबराजच खाऊन राहिले ना!"

ओसरीवर जो हशा पिकला तो थेट बाजारापर्यंत गेला असेल. मला त्या घासाचा ठसका लागला. "मग काल का नाही सांगितलं?"

"सांगतच होतो. तुमी मने, मधी बोलू नका."

विद्यार्थी वनस्पतिशास्त्राचा होता. झाडीपट्टीत फिरून धानाचे जुने वाण गोळा करणं, ते शेजारी शेजारी पेरून पाहणं, हेच त्याचं संशोधन. कॉलेजनं वाफे दिले होते, ते कमी पडले म्हणून या पोरांनी वसतिगृहामागं, खेळायच्या मैदानाच्या कडेला, चोरून वाफे करायचं ठरवलं होतं. खड्डा तो एवढाच. मी त्याची माफी मागितली आणि त्याला घेऊन मालखान्यात गेलो.

दार उघडलं आणि दोघंही जागच्या जागी थिजलो. मालखान्यात त्या आठवड्यात आणखी एक मुद्देमाल होता. चोरीच्या एका प्रकरणातली कोंबडी. दोन जण मालकी सांगत होते म्हणून तिला पायाला दोरी बांधून ठेवलं होतं. दोरी तुटली होती. दुबराज शाबूत, काळी कमोद शाबूत. दरेकश्याची पुडी तेवढी फाटलेली, आत दाणा नाही. मोहोर मात्र जशीच्या तशी.

"मुद्देमालानं मुद्देमाल खाल्ला," मागून आलेला हवालदार पुटपुटला. पण या वेळी कुणी हसलं नाही. विद्यार्थी फाटकं कापड हातात घेऊन मटकन खाली बसला. दोन वर्षं तो रानोमाळ हिंडला होता. डोंगरउतारावर, थोड्या पाण्यात येणारा तो एकच वाण त्याला सापडला होता, आणि सबंध प्रबंध त्यावर उभा होता. "कोंबडी कापून बघू का?" असं एक शिपाई म्हणाला, त्याला मी हाकलून दिलं. मला स्वतःची इतकी शरम वाटली की सांगता येत नाही.

त्याच दिवशी विद्यार्थी, हवालदार आणि मी, तिघं दरेकश्याच्या गाडीत बसलो. म्हातारी अंगणात साठवणीची मोहाची फुलं उन्हात घालत होती. सगळं मीच सांगितलं. तिनं मला डोक्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं.

"काऊन जी, पोलिसायच्या घरी धान नाही का, की माह्या धानावर कोंबडी पोसून राहिले?"

"चूक झाली, बाई. आणखी एक मूठ मिळेल का?"

"बियाणं सारंच्या सारं कोनी देते का?" असं म्हणत ती आत गेली. चुलीवर धुरात टांगलेला वाळका भोपळा तिनं खाली काढला. त्यात शेवटचं दोन मुठी धान होतं. एक मूठ तिनं पदरात घेतली आणि थांबली. "वापस कोन आनून देईन?"

"मी देईन. सही करून देतो."

"सही मले वाचता येते का? अंगठा द्या."

आयुष्यभर मी लोकांचे अंगठे घेतले होते. त्या दिवशी गणवेशात, चुलीच्या काजळीत बुडवून, मी तिच्या भिंतीवर माझा अंगठा उमटवला. हवालदार साक्षीदार म्हणून उभा होता, आणि तो बेटा जन्मात इतका खूश कधी झाला नसेल.

धान वेळेत पेरलं गेलं. ठाण्यात मी एक शिस्त लावली: कुठलाही कागद आला की तो आधी हवालदाराला वाचून दाखवायचा. तपासात कायदा लागतो, पण ज्या मुलखात तपास करायचा तिथला माणूस काय खातो हे आधी विचारावं लागतं, आणि विचारल्यावर गप्प बसून ऐकावं लागतं. ही अक्कल मला एका कोंबडीनं शिकवली.

हंगाम झाल्यावर आम्ही तिघं पुन्हा दरेकश्याला गेलो, या वेळी भोपळा भरून धान घेऊन. विद्यार्थ्यानं प्रबंधाचं पान उघडून म्हातारीला दाखवलं. वाणाला नाव नव्हतं, ते त्यानं दिलं होतं. तिनं विचारलं, "का नाव ठेवलं?"

"मुद्देमाल," तो चाचरत म्हणाला.

"मंजे का जी?"

मी कलम आठवू लागलो, तोवर हवालदार बोलून गेला, "दुसऱ्याची वस्तू. जपून ठेवायची, आन ज्याची त्याले वापस द्यायची."

म्हातारीनं भोपळा हातात तोलून पाहिला, चुलीवर टांगला आणि ओल्या फडक्यानं भिंतीवरचा माझा अंगठा पुसून टाकला.

"मंग नाव बरोबर हाय," ती म्हणाली. "बसा, भात खाऊन जा."