देवांचं खातेवाटप

मी पेणची. घरचा गणपतींचा कारखाना आहे, आणि माझं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं. बाहेरगावची माणसं येतात, मूर्तींच्या रांगा बघून हात जोडतात, आणि त्याच रांगेत माझा चहाचा कप ठेवलेला दिसला की दचकतात. आता त्यांना काय सांगायचं! कुणाच्या तरी घरी जाऊन पूजा होईपर्यंत आमच्याकडे तो माल असतो. त्यामुळे देवांची वाटणी करायची वेळ आली तेव्हा मला काही जड गेलं नाही.

वाटणी होती खेळातली. रविवारी दुपारी मी गाडीने रोह्याला जाते. कॉलेजपासूनचे आम्ही तिघं. मैत्रीण नदीपलीकडच्या अष्टमी गावची, तिच्या दुकानावरच्या खोलीत बसतो. तिचे वडील आखातात होते, भाऊ आहेत, नवरा कुवेतला आहे. मित्र अलीकडच्या वरसे गावचा, कंपनीत ऑपरेटर, त्याची शिफ्ट बघून आमचा रविवार ठरतो. खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट सांगणारी मी. चाळिशी उलटलेली माणसं हे करतात म्हटल्यावर घरचे हसतात. हसू देत.

मैत्रिणीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला देव-बिव नको. हाय तो एक पुरे. मला तलवार दे." मित्राला पुजारी व्हायचं होतं. पुजाऱ्याला आधी देव निवडावा लागतो, आणि प्रत्येक देवाचं क्षेत्र ठरलेलं असतं. त्या क्षेत्रातली शक्तीच तेवढी पुजाऱ्याला मिळते. मी वाचून दाखवलं, जीव, उजेड, वादळ, युद्ध, विद्या, चकवा, मृत्यू.

"हे काय, मंत्रिमंडळ हाय काय? खातेवाटप चाललंय!" तो म्हणाला. "आमच्या गावदेवाला असं एक खातं नसतं. ताप आला तरी तोच, मोटरसायकल चोरीला गेली तरी तोच. फक्त गावाच्या शिवेपर्यंत. शिवेपलीकडं दुसऱ्याचं राज्य."

मला ते एकदम पटलं. मी नवीन खातं काढलं, 'राखण'. पुजाऱ्याने एक गाव निवडायचं. त्या गावाच्या शिवेआत तो काहीही करू शकेल, मरणाच्या दारातला माणूससुद्धा परत आणेल. शिवेबाहेर मात्र तो साधा माणूस. नकाशावर नदीकाठाने शीव काढली ती डोळे आखायच्या कुंचल्याने, लाल रंगात. स्वतःवर बेहद्द खूश होते मी तेव्हा.

बरेच महिने छान गेले. तो शिवेआतून राखण करी, ती जवळपास मारामाऱ्या करी, जखमी झाली की पळत आत येई. मग एका रविवारी तो आला तोच पडलेल्या चेहऱ्याने. कंपनी त्याचं युनिट गुजरातला हलवत होती. जा, नाहीतर घरी बसा. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. आई वरसेत एकटी, आणि घर सोडायला साफ नाही म्हणत होती.

"तिला काय झालं तर मी तिथून काय करणार?" तो म्हणाला. मग नकाशावर बोट ठेवून हसला. "शिवेबाहेर गेला की पुजारी कशाचा!"

मैत्रीण हसली नाही. "म्हणजे आमच्याकडचे सगळे बिनकामाचेच काय रे? माझा बाप गेला, भाऊ गेले, नवरा गेला. माझ्या बाळंतपणात नवरा तिकडं फोन धरून रडत होता, ते काय नायच?"

मला दोघांचाही राग आला. नाजूक विषय निघाला की मला राग येतो, हा माझा स्वभावच आहे. "खेळायचं असेल तर खेळा, नाहीतर मी गाडी पकडते," मी म्हटलं.

मैत्रिणीने तिची सोंगटी उचलली आणि मुद्दाम, एकटीच, नदीपलीकडे नेऊन ठेवली. तिथे दरोडेखोरांचा तळ आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. व्हायचं तेच झालं. तलवारवाली पलीकडच्या काठावर पडली, शेवटचे श्वास मोजत.

"नियम बदल ना गो," तो मला म्हणाला. "एवढ्यापुरता."

"नाही. आत थांबलास तर तू सुरक्षित. बाहेर गेलास तर मंत्र नाही, काही नाही. फक्त पट्टी बांधायची, आणि त्यालाही फासा मोठा पडायला हवा. तोवर दरोडेखोर तुझ्यावरही येतील."

त्याची सोंगटी म्हणजे शर्टाचं जुनं बटण. मग त्याने ते लाल रेघेपलीकडे सरकवलं आणि फासा टाकला.

चार पडले. चारने काही होत नाही. तिचं पात्र मेलं.

त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ती मात्र त्याच्याकडे बघत होती, दुपारपासून पहिल्यांदाच शांतपणे.

"अरे, मेले तर मेले," ती म्हणाली. "आलास ना?"

फासे गोळा करायच्या निमित्ताने मी खाली वाकले.

सोमवारी त्याने होकार दिला आणि गेला. आता रविवारी आम्ही फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतो, त्यातून तो खेळतो. मैत्रिणीने पुन्हा तलवारच घेतली. संध्याकाळी दुकान आवरलं की ती पूल ओलांडून वरसेला त्याच्या आईकडे डोकावून येते. हे तिला कुणी सांगितलेलं नाही. गेल्या खेपेला मीही बरोबर गेले. म्हातारी दारात वाल सोलत बसली होती.

"काय गो, तुमच्या खेळात तो अजून पुजारी हाय?"

"हो, आहे की."

"आणि शिवेबाहेर त्याचं काय चालत नाय म्हणे?"

"नाही चालत. बाहेर सगळं आपल्या हातांनी करावं लागतं."

तिने पुढचा वाल उचलला, साल काढली.

"मंग करू दे," ती म्हणाली. "हात दिलेत की मी त्याला."