अलास्काच्या लॉजवरचे काका

या फोरमवरचे अनुभव मी नेहमी वाचते, पण ते खालच्या कॉमेंट्समधली भांडणं बघायला, हे आधीच सांगून टाकते. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. मी इथे अमेरिकेत शॉमबर्गला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. कुणी येऊन "अगं, स्क्रीन आपोआप बंद पडली" म्हणालं की मी म्हणते, पुन्हा करून दाखव. नाही दाखवता आलं तर विषय संपला. आता मी जे सांगणार आहे ते मला पुन्हा करून दाखवता येणार नाही... तेव्हा माझ्याच नियमाने तुम्ही मला खुशाल हसा.

गोष्ट माझ्या बाबांची आहे. बाबा चिपळूणचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. माझी आई वारली आणि दिवसकार्य उरकल्यावर मी त्यांना सरळ इकडे घेऊन आले. एकटं ठेवायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. पण इथे आल्यावर त्यांचं जेवण हळूहळू सुटत गेलं. ज्या माणसाला बाजारात मासा दिसला की चालता पाय थांबायचा, तो माणूस ताटातल्या तुकड्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "ताकभात दे जरासा." तोही अर्धा टाकायचे. आईचा विषय आम्ही काढतच नव्हतो. तिचा फोटोसुद्धा मी आत ठेवला होता, उगाच त्रास नको म्हणून.

एकदा कचऱ्याची पिशवी बांधताना मला त्यांच्या बीपीच्या गोळ्या टिश्यूत गुंडाळलेल्या सापडल्या. एखाददुसरी नाही, बऱ्याच दिवसांच्या. मी घर डोक्यावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "कशाला चिडतेस? मला पुरे झालंय आता. चिपळूणला सोड मला, बाकी काही नको." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. अशा माणसाला चिपळूणला एकटं पाठवायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

माझा नवरा प्रसाद आणि त्याचा मित्र निखिल हे स्टेट कॉलेज नावाच्या गावात मास्टर्स करताना रूममेट होते. निखिल आता पिस्कॅटवेला असतो. या दोघांनी अलास्कातल्या एका फिशिंग लॉजचं बुकिंग फार आधी करून ठेवलं होतं, ऑगस्टच्या शेवटचं. तेव्हा सिल्व्हर सॅमन समुद्रातून नदीत वर चढतात आणि त्यांची अंडी खायला ट्राउट मागे मागे येतात, त्यामुळे दोन्ही मासे मिळतात. बाबा तरुणपणी वाशिष्ठीवर गळ टाकून बसायचे. म्हटलं, चला, यांनाही न्यायचं. ते नाही म्हणाले नाहीत. हल्ली ते कशालाच नाही म्हणत नव्हते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

अँकरेजहून लहान विमानाने एका गावात, आणि तिथून पाण्यावर उतरणाऱ्या फ्लोटप्लेनने लॉजवर. रस्ता नाहीच. फ्लोटप्लेनमध्ये माणसं जेमतेम तीन-चार बसतात, म्हणून निखिल, त्याची बायको रेणुका आणि त्यांची मुलगी तन्वी पहिल्या फेरीत गेले, आणि प्रसाद, बाबा आणि मी दुसऱ्या फेरीत. पुढचा सगळा घोळ या दोन फेऱ्यांमुळे झाला, निदान मी तरी तसं मानते.

लॉज म्हणजे एका मोठ्या तळ्याच्या तोंडाशी, जिथून नदी निघते तिथे, लाकडाची एक मुख्य इमारत आणि मागे सुट्या केबिन. एक आम्हाला, एक निखिलला. सीझन संपत आलेला, त्यामुळे दुसरे पाहुणे नव्हते. मालकीण लिंडा, साठीची, दणकट. तिने उतरल्या उतरल्या अस्वलांचे नियम सांगितले: केबिनमध्ये खायचं काही ठेवायचं नाही आणि एकट्याने कुठे जायचं नाही. झालं, आमच्या बॅगांतून चिवडा निघाला, लाडू निघाले, घरच्या मसाल्याची डबी, कोकमं... लिंडा प्रत्येक डब्याकडे बघत होती आणि एकेक करून किचनच्या लोखंडी कपाटात टाकत होती. निखिल म्हणाला, "यार, अस्वलांची दिवाळी झाली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर बाबांचं अंथरूण रिकामं. चप्पल नाही, स्वेटर नाही. बाहेर तळ्यावर धुकं होतं. मला त्या गोळ्या आठवल्या. प्रसादला हाक मारायचंही सुचलं नाही, तशीच धावत पाण्याकडे गेले.

बाबा धक्क्यावर बसले होते, पालथ्या घातलेल्या बादलीवर. शेजारी दुसऱ्या बादलीवर एक काका. साधारण बाबांच्याच वयाचे, तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर, पायांत लॉजचे रबरी बूट. बाबा बोलत होते. म्हणजे सलग, हातवारे करून बोलत होते. मी कित्येक महिन्यांत त्यांना असं बोलताना बघितलं नव्हतं. काकांनी वळून बघितलं आणि म्हणाले, "ये गं. घाबरलीस होय? आम्ही आहोत इथे दोघं."

मी म्हटलं, "गुड मॉर्निंग काका." आणि मनात म्हटलं, रेणुकाचे वडील आलेत वाटतं, बरं झालं बाई, बाबांना कुणीतरी जोडीला मिळालं.

मी नाव विचारलं नाही. तुम्ही तरी विचारलं असतंत का? मैत्रिणीच्या वडिलांना कुणी "आपलं नाव काय" म्हणून विचारतं का? काका म्हटलं की झालं.

पुढचे तीन दिवस ते आमच्यातच होते. टेबलावर जेवायला असायचे, बोटीत असायचे. मासे मात्र धरत नव्हते. वेस नावाचा आमचा गाइड सुरुवातीलाच सगळ्यांची मासेमारीची लायसन्स बघायला लागला तेव्हा काका म्हणाले, "मला नको, मी बघणारा माणूस." ते बाबांच्या शेजारी बसून सूचना करायचे. बाबांच्या रॉडला पहिला सिल्व्हर लागला तेव्हा रॉड कमानीसारखा वाकला, बाबा उठून उभे राहिले आणि ओरडले, "सोडू नकोस रे!" कुणाला म्हणाले देव जाणे, रॉड त्यांच्याच हातात होता. सगळे हसलो. बाबाही हसले. मी तोंड फिरवून डोळे पुसले, कारण प्रसादने बघितलं असतं तर तोही रडला असता.

त्याच संध्याकाळी बाबा किचनमध्ये शिरले. काका दाराशी उभे राहून म्हणत होते, "अहो, नुसतं सांगता काय, करून दाखवा की." बाबांनी लिंडाकडे खुणेने पातेलं मागितलं. तिच्याकडे नारळाच्या दुधाचे कॅन होते, आमची कोकमं आणि मसाला तिच्याच कपाटात होता. बाबांनी सॅमनचं कालवण केलं. आईच्या पद्धतीने, तिरफळं तेवढी नव्हती. आणि दोनदा भात घेऊन जेवले. जेवता जेवता म्हणाले, "हिच्या हातचं याहून आंबट असायचं." त्यांनी आईचं नाव काढलं होतं, आमच्या सगळ्यांसमोर, आणि काही आभाळ कोसळलं नाही. काका म्हणाले, "मग उद्या एक कोकम जास्त घाला." बाबा म्हणाले, "घालतो."

मी रेणुकाला बाजूला घेऊन म्हटलं, "काका किती छान आहेत गं." ती म्हणाली, "हो ना, फारच गोड. तुझे बाबा आणि ते, दोघंही." आम्ही दोघी एकमेकींच्या माणसाचं कौतुक करत होतो.

निघायच्या दिवशी फ्लोटप्लेन आलं. माणसांचं आणि सामानाचं वजन करून मग बसवतात. पहिल्या फेरीत प्रसाद, बाबा आणि तन्वी गेले. आम्ही तिघं धक्क्यावर थांबलो. मी रेणुकाला म्हटलं, "काका कुठेत? त्यांचं आवरलं नाही का अजून?"

"मला काय माहीत, तुमच्या केबिनमध्ये असतील."

"आमच्या? अगं, तुझे बाबा आमच्या केबिनमध्ये कशाला असतील?"

रेणुका म्हणाली, "वैशाली, माझे बाबा पुण्याला आहेत. ते तुमच्याकडचे ना? तुझ्या बाबांचे भाऊ वगैरे?"

मी निखिलकडे बघितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, बाबांना सोबत म्हणून तुम्ही कुणाला तरी आणलंय."

त्यानंतरचा तासभर नीट आठवत नाही. वेस अस्वलांना पळवायचा स्प्रे घेऊन नदीकाठ बघून आला. मी दोन्ही केबिन तपासल्या, जादाच्या पलंगांवरच्या चादरींना सुरकुती नव्हती. लिंडा म्हणाली, बुकिंग सहाचंच होतं, पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला टेबलाशी सात जण दिसले म्हणून मी ताट वाढवलं, वाटलं आयत्या वेळी कुणीतरी आलं असेल. तिने रेडिओवर पायलटला विचारलं. तो म्हणाला, मी सहाच आणले, दोन फेऱ्यांत, वजनासकट सांगतो. मग तिने सॅटेलाइट फोनवरून पोलिसांना कळवलं. पलीकडून हरवलेल्या माणसाचं नाव विचारलं. लिंडाने आमच्याकडे बघितलं. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणालाच माहीत नव्हतं. ती बिचारी इतके दिवस त्यांना "मिस्टर काका" म्हणत होती, तेच तिने सांगितलं.

फोटो काढले होते की, मला आठवलं. सगळे फोन बघितले. बोटीतले फोटो आहेत, माशांचे आहेत, काका एकातही नाहीत. एक ग्रुप फोटो आहे लॉजच्या पायऱ्यांवरचा, त्यात आम्ही सहा जण, लिंडा आणि वेस. सेल्फी नाही, समोरून नीट उभं राहून काढलेला. वेसला विचारलं, हा कुणी काढला? तो म्हणाला, "त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी. दुसरं होतंच कोण?"

नंतर चौकशी झाली. कुणी सापडलं नाही, आणि त्या भागात कुणी हरवल्याची तक्रारही नव्हती. निखिलचं म्हणणं, जवळच्या एखाद्या लॉजवरून आले असतील. जवळचं लॉज विमानानेच गाठावं लागतं. प्रसाद म्हणतो ते अस्सल नागपूरचं बोलत होते, प्रसाद स्वतः नागपूरचा. रेणुकाला ते सदाशिव पेठेतले वाटले. तन्वी म्हणते, "He only spoke English to me." आम्ही या विषयावर भांडून थकलो आणि शेवटी सोडून दिला.

बाबांना मात्र सांगायचं नाही असं ठरलं. इतक्या महिन्यांनी माणूस जेवायला लागला होता, गोळ्या आपण होऊन मागून घेत होता. त्याला सांगायचं काय, तुमचा मित्र नव्हताच म्हणून? त्या दिवशी गावातल्या धावपट्टीवर बाबांनी विचारलं, "ते नाही आले?" मी म्हटलं, "ते दुसऱ्या एका विमानाने परस्पर गेले, घाईत होते." बाबा "हं" म्हणाले आणि समोरच्या विमानाकडे बघायला लागले. घरी आल्यावर मी आईचा फोटो बाहेर हॉलमध्ये लावला. त्यांनी बघितला, आणि दुसऱ्या दिवशी तो सरळ करून ठेवलेला होता.

दिवाळीआधी ते चिपळूणला परत गेले. या वेळी मी पाठवलं. शेजारच्या मावशी सांगतात, रोज बाजारात जातात, मासेवालीशी हुज्जत घालतात, मग मलाही वाटीभर आणून देतात.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ते स्वयंपाकघरात होते. मला ते खोटं फार दिवस टोचत होतं. म्हटलं, आता त्यांची तब्येत ठीक आहे, सांगून टाकावं. मी सांगितलं. "बाबा, ते काका रेणुकाचे वडील नव्हते. ते आमच्यापैकी कुणाचेच नव्हते. कुणाबरोबर आले होते, काही पत्ता लागला नाही."

बाबा कालवण ढवळत होते. थांबले नाहीत. "ठाऊक आहे मला," म्हणाले.

"ठाऊक आहे म्हणजे?"

"अगं, त्या सकाळी मी खाली पाण्याशी गेलो होतो तो काही मासे बघायला गेलो नव्हतो." हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला अर्थ लागायला वेळ लागला. "धुक्यात हे गृहस्थ बादलीवर बसलेले. म्हणाले, या, बसा. वहिनींना काय झालं होतं? असं एकदम. मला कुणी विचारलंच नव्हतं तोवर. मग बोलत बसलो."

 मी म्हटलं, "तुम्ही त्यांना विचारलं नाहीत, कुठले, कोण?"

"विचारलं की. म्हटलं, तुम्ही कुणाबरोबर आलात? तर म्हणाले, तुमच्याबरोबरच आलोय की."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? माणूस बरा होता," बाबा म्हणाले. मग फोन ओट्यावर टेकवून ठेवला आणि भात उतरवायला वळले.

मी आजही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. याचं स्पष्टीकरण कुणाकडे असेल तर जरूर द्या, माझ्याकडे नाही. त्या दिवशी मी कॉल चालूच ठेवला. बाबांनी ताट वाढून घेतलं, माझ्यासमोर बसले आणि सगळं संपेपर्यंत जेवले.