सशाची रेघ

लॅबमध्ये रक्त नासतं, केमिकल उडून जातं. किस्से तेवढे टिकतात, आणि त्यांना फ्रीजही लागत नाही!

सत्तरच्या दशकात लोणावळ्यात आमची छोटी लॅब होती. रक्तातली चरबी एक प्रोटीन वाहून नेतं. ते माणसाचं प्रोटीन सशाला टोचायचं. सशाच्या रक्तात त्याला ओळखणारी अँटिबॉडी तयार होते. मग जेलीच्या थरात मधल्या खड्ड्यात सशाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, आणि भोवतीच्या खड्ड्यांत माणसांचं. ओळख पटली की दोघांच्या मध्ये पांढरी रेघ! एका वर्षी मुंबईच्या मुख्य ऑफिसातून फर्मान आलं: अँटिबॉडी माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला ओळखत नाही हे सिद्ध करा, नाहीतर ससेघर बंद. म्हणजे ससे सांभाळणाऱ्या आबांची नोकरी गेलीच.

आबा परंदवडीचे. थंडीत ते आमचा मुख्य ससा टोपलीत घालून घरी न्यायचे. एकदा घोरावाडी स्टेशनावर टीसीनं अडवलं, "याचं तिकीट?"

"सायेब, त्यो ड्युटीवर हाय. माजी नोकरी त्याच्यामुळं हाय!"

टीसीनं सशाला सलाम ठोकला म्हणतात. मी बघितला नाही, पण सांगतो मात्र नेहमी.

एकदा जेलीची पावडर संपली. मी बाजारातून पुडिंगात घालतात ते चायना ग्रास आणलं, शिजवून बशीत ओतलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी बशी रिकामी! आमचा क्लार्क म्हणाला, "साखर कमी होती हो."

रक्त द्यायला डोंगरावरच्या वाडीतली एक मावशी आली. सुई बघून म्हणाली, "आमच्या अंगात चरबी कुटनं आली? त्या बंगलेवाल्यांची बगा की!"

दुसऱ्या दिवशी तिला तिची ठसठशीत रेघ दाखवली. मावशी खूश. "आता सासूला सांगते, म्या बी खात्यापित्या घरची हाय!"

शेवटी मुंबईचे मोठे साहेब स्वतः तपासायला आले. रक्ताच्या सहा नळ्या आणल्या होत्या. पाच माणसांच्या, एक बोकडाची. कोणती कुणाची ते फक्त त्यांना ठाऊक. आमच्या डॉक्टर बाईंनी संध्याकाळी जेलीत थेंब सोडले. सकाळी सगळे टेबलाभोवती. आबा दाराशी, टोपली छातीशी धरून.

पाच रेघा आल्या. तीन नंबर कोरा.

"सर, तीन नंबर बोकड," बाई म्हणाल्या.

साहेब लाल झाले. "तीन नंबर माझं रक्त आहे! तुमची अँटिबॉडी फेल. ससेघर बंद करा."

आबांनी टोपली खाली ठेवली.

बाईंनी शांतपणे नवी सुई काढली, कापसावर स्पिरिट घेतलं. "सर, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. आता सगळ्यांसमोर तुमचंच रक्त घेते. उद्या पुन्हा रेघ आली नाही, तर मीच मुंबईला कळवते, तुम्ही काय निघालात ते."

साहेबांनी बाही वर केली. सशाकडे बघितलं. मग बाही खाली घेऊन बटण लावलं.

"राहू द्या. ससेघर चालू ठेवा."